चौथ्या प्रकरणातली चूक

काष्टीच्या सत्तार वायरमनची सुमैरा सहा वर्षं एकाच गोष्टीमागे लागली होती. लेसरचे अचूक ठोके देऊन एका अणूला हव्या त्या अवस्थेत न्यायचं आणि तिथंच धरून ठेवायचं. याला क्वांटम कंट्रोल म्हणतात. आमच्या नगरच्या कॉलेजातले तिचे गाइड, गोरक्षनाथ सर, यांना हे दोन शब्द तेवढे पाठ होते. वार्षिक अहवालात शोभून दिसतात ना!

पोरगी भलती चिवट. कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम अडला की डबा तसाच पडून राहायचा. "जमलं नाही तर तसं लिहीन," म्हणायची. असल्या माणसाचं आमच्यात काय होणार!

पीएच.डी.च्या ओपन व्हायवाच्या, म्हणजे सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेच्या, आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी तिथंच तासिका तत्त्वावर शिकवतो. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, चौथ्या प्रकरणातला निकाल चुकलाय. बाहेरचा अडथळा मी निम्माच धरला. पूर्ण धरला तर अणू त्या अवस्थेत टिकतच नाही. गाइडसर म्हणतात, गप्प बस. उद्या तुम्ही विचाराल? प्रश्न निघाला तर दुरुस्ती करावीच लागेल. नाहीतर हे खोटं कायमचं माझ्या नावावर राहील."

"विचारतो की," मी म्हणालो.

बाहेरचे परीक्षक शिर्डीचं दर्शन उरकून दोन तास उशिरा उगवले. आमच्याकडे प्रश्नांआधीच शाल-श्रीफळ होतं, मग पाहुणा कशाला तोंड वाईट करतोय? "याचा शेतकऱ्याला काय उपयोग?" एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तर चालू असताना मोबाईल काढला.

"सभागृहातून कुणाला काही?" अध्यक्षांनी विचारलं. सुमैरानं माझ्याकडे पाहिलं. गोरक्षनाथ सरांनीही पाहिलं. जूनमध्ये माझी पुढच्या वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर त्यांच्याच सहीनं निघणार होती. मी वहीत डोकं घातलं.

शेवटी तीच बोलली. "माझं चौथं प्रकरण चुकलंय." तिनं सगळं गणित फळ्यावर मांडलं.

परीक्षक गहिवरले. "केवढी ही नम्रता! असे विद्यार्थी आता कुठं मिळतात?" फळ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. प्रबंध आहे तसा मंजूर झाला, डॉक्टरेट जाहीर झाली आणि जेवणाची घोषणाही लगेच झाली.

सुमैरा खडू हातात धरून तशीच उभी होती. सभागृह टाळ्या वाजवत होतं. गोरक्षनाथ सरांना दिसावं म्हणून सगळ्यात जोरात मी वाजवल्या.