चार नंबरचा डावा कोपरा

‘कॉलेज’ या रकान्यात काय लिहायचं, इथे माझं अडलं होतं.

समोर बारा खेळाडूंची यादी होती. उंची लिहून झाली होती. वजन गोडाऊनमधल्या काट्यावर घेतलं होतं, ज्यावर एरवी रबराच्या चिकाचे ड्रम चढतात. पण बारापैकी नऊ जण तळासरीकडच्या पाड्यांवरचे, आणि त्या नऊ जणांत मिळून शाळेची वीस वर्षं भरत नव्हती. मी साहेबांना विचारायला गेलो.

“ब्लँक नको ठेवू,” शहासाहेब म्हणाले. “ब्लँक खराब दिसते. आश्रमशाळा लिही.”

“जे शाळेतच गेले नाहीत त्यांचं?”

“त्यांचं पण आश्रमशाळा. मुंबईला कोण चेक करते?”

आमचा कारखाना डहाणूला होता. रबरी फुग्यांचा. शहासाहेब त्याचे मॅनेजर. मी टाइम ऑफिसचा कारकून, म्हणजे हजेरी मांडणारा. पण मला नोकरी मिळाली ती दुसऱ्याच गुणामुळे. मी कबड्डीची पंचपरीक्षा पास होतो आणि गुणलेखनाचं काम मला येत होतं. कारखान्याचा कबड्डी संघ होता आणि साहेबांना त्याचा फार अभिमान. पगार एक, कामं दोन. ऑफर लेटरमध्ये याला ‘संधी’ म्हटलं होतं.

या यादीचं, म्हणजे रोस्टरचं, खूळ अमेरिकेहून आलं. साहेबांच्या मेव्हण्याने तिकडून एक मासिक पाठवलं होतं. त्यात तिकडचा फुटबॉल होता. तो हातात धरून पळतात, तरी नाव फुटबॉल. मासिकात एका संघाची अख्खी कुंडली छापली होती. कोणी किती सामने खेळला, कोणाला ठेवणार, कोणाला सोडणार, पुढच्या सीझनला काय आशा. साहेबांनी ते चार दिवस वाचलं आणि मला बोलावलं.

“सावे, आपला पण असा रिपोर्ट पाहिजे. ऑफ-सीझन आउटलुक. तीन सीझनचे फिगर्स. हेड ऑफिसला पाठवायचा.”

आमचा ऑफ-सीझन म्हणजे पावसाळा. मातीचं मैदान, चिखल झाला की खेळ बंद. तेव्हा मे उजाडला होता.

रिपोर्टमागे एक खरं कारणही होतं. औद्योगिक स्पर्धेने नवा नियम केला होता की संघात निदान दोन खेळाडू कंपनीचे कायम कामगार हवेत. आमच्याकडे एकटा कॅप्टन कायम. बाकी अकरा टेम्पररी. तेव्हा एकाला परमनंट करायचं ठरलं होतं, आणि ‘कोणाला’ हे फिगर्सवरून ठरणार होतं. निदान मला तसं सांगितलं होतं.

मी ते मनावर घेतलं. आमच्या घरी तळासरीला वर्तमानपत्र येत नसे, चळवळीची पत्रकं येत. मास्तर असलेले माझे वडील ती जमवत आणि मी त्यांवर अक्षरं गिरवली. ‘श्रमाला न्याय’ हे शब्द मी बाराखडी पुरी व्हायच्या आधी वाचले असतील. आता न्याय चक्क तक्त्यात मांडायला मिळत होता. तीन सीझनच्या गुणवह्या घेऊन बसलो.

इथे खेळाचं थोडं सांगायला हवं. कबड्डीत एका बाजूला सात जण. समोरचा एकटा दम धरून चढाईला येतो. त्याला अडवून दम संपेपर्यंत धरून ठेवलं की पकड झाली, गुण आपला. टाळ्या चढाई करणाऱ्याला मिळतात. पकडीची सुरुवात मात्र बहुतेक वेळा कोपऱ्यातला माणूस करतो. तो खाली सूर मारून घोटा धरतो, मग बाकीचे अंगावर पडतात. लोकांना वरचे पाच दिसतात. गुणलेखकाने खालचा बघायचा असतो. आणि गुणवहीत नाव नसतं, जर्सीचा नंबर असतो. कोणत्या नंबराला कोण, याची यादी दर सीझनला वेगळी.

मी बेरजा केल्या. तिन्ही सीझनला सगळ्यात जास्त पकडी एकाच नंबरच्या. चार नंबर, डावा कोपरा. दुसरा कोणी जवळपासही नाही.

मग याद्या काढल्या. पहिल्या सीझनला चार नंबर जान्या हाडळ. दुसऱ्या सीझनला देवजी वरखंडे. यंदा कमा हाडळ. त्या दोघांना मी पाहिलं नव्हतं, कारण मी यंदाच लागलो होतो. कमाला ओळखत होतो. डिपिंगला होता. फुग्याचे साचे रबराच्या चिकात बुडवतात ते डिपिंग. अबोल माणूस.

तक्ता घेऊन मी साहेबांकडे गेलो. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘कमा हाडळ यास कायम करावे.’

साहेबांनी तक्ता वाचला, परत वाचला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“सावे, तू काय शोधला तुला कळला का? पहिल्या वर्षी एक माणूस. दुसऱ्या वर्षी दुसरा. तिसऱ्या वर्षी तिसरा. रिझल्ट सेम. याला काय म्हणते?”

“काय?”

“सिस्टीम. माणूस बदलते, सिस्टीम नाही बदलत. चार नंबरला कोणाला पण उभा कर, पकडी येणारच. मग त्याला परमनंट करायची गरज काय?”

“मग कोणाला करायचं?”

“केतनला.”

केतन साहेबांच्या बायकोचा भाचा. चढाई करायचा. केस नीट राहतील अशा बेताने.

साहेबांनी माझा शेरा खोडला. कमापुढे ‘रिलीज’ लिहिलं, आणि वर स्वतः इंग्रजीत एक परिच्छेद घातला, चार नंबरच्या जागेने तीन वर्षं दिलेल्या अखंड सेवेबद्दल. खाली सही केली. मी टाइप केलं. मूळ प्रत हेड ऑफिसला गेली, कार्बन कॉपी माझ्या फाइलीत राहिली.

कमाला हे आपण तरी सांगावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत डिपिंगच्या शेडमध्ये गेलो. तो भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला होता.

“कमा, तुझा खेळ चांगला झाला. पण तुझ्याआधी जान्या आणि देवजी पण तेवढेच चांगले खेळले. म्हणून साहेब म्हणतात, तिथे कोणीही चालतो.”

तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

“भाऊ, तू कोनला सांगतंस? जान्या मीच. देवजी पन मीच.”

“आणि कमा?”

“कमा माझा बा. मरून चार वर्सां झाली. पकडी अजून करतंय.”

मग त्याने सगळं सांगितलं. सांगताना आवाज एकदाही चढला नाही. टेम्पररी माणसाचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की त्याला कायद्याने हक्क येतो. म्हणून ते भरायच्या आत ब्रेक द्यायचा. ब्रेक म्हणजे घरी बसवायचं. पण डिपिंगचा चांगला हात आणि डावा कोपरा, दोन्ही एकदम कसे घालवणार? तेव्हा पावसाळा सरला की त्याला परत बोलावत. माझ्या आधीचा टाइमकीपर त्याला सांगे, “ते नाव भरलं. दुसरं आण.” पहिल्यांदा त्याने स्वतःचं नाव दिलं. ते भरलं. मग मेव्हण्याचं, देवजीचं. तेही भरलं. मग बापाचं रेशनकार्ड आणलं.

“आता?” मी विचारलं.

“आता आयचा नाव रायला.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “ता साहेब घेल का?”

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. भिंतीवर तिन्ही सीझनचे संघाचे फोटो होते, खाली नावं छापलेली.

“साहेब, हे तिघे एकच आहेत.”

“कोण तिघे?”

“चार नंबर.”

त्यांनी मान वर करून पाहिलं. “हे लोक सगळे सारखेच दिसतात, सावे.”

“डावा कान बघा. पाळी फाटलेली आहे. तिन्ही फोटोंत.”

ते उठले. पहिल्या फोटोजवळ गेले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. परत खुर्चीत येऊन बसले. साहेबांनी तीन वर्षं ते फोटो पाहुण्यांना दाखवले होते. स्वतः आज पाहिले.

“रिपोर्ट नवीन टाइप कर,” ते म्हणाले. “चार नंबरची लाइनच नको.”

“पहिला गेला हेड ऑफिसला. तुमच्या सहीने.”

“तू कंपनीचा आहेस की त्यांचा?”

“मी गुणलेखक आहे. गुण ज्याचा त्याला लिहितो.”

उत्तर बाणेदार होतं. बाहेर आल्यावर मी आधी कार्बन कॉपी डब्याच्या पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी तिन्ही फोटो ‘फ्रेम दुरुस्तीला’ गेले.

पण दर सीझनला प्रत्येक खेळाडूला फोटोची एक प्रत मिळे. ती कंपनीची उदारता. जान्याच्या घरी कुडाच्या भिंतीवर तिन्ही फोटो ओळीने लावलेले होते. ते आणि माझी कार्बन कॉपी घेऊन आम्ही दोघं युनियनच्या ऑफिसात गेलो. तिथून अर्ज झाला आणि दोन महिन्यांनी लेबर ऑफिसात तारीख पडली. तोवर जान्या ब्रेकवर, घरी. केतन परमनंट.

लेबर ऑफिसर शांत माणूस. कंपनीचे वकील म्हणाले, “साहेब, हे तीन वेगवेगळे कामगार आहेत. चेहऱ्यात साम्य असतं नात्यात.”

“ठीक. उरलेले दोघे हजर करा.”

“ते सोडून गेले. पत्ता नाही.”

युनियनवाल्याने ग्रामपंचायतीचा दाखला पुढे ठेवला. ऑफिसरने वाचला.

“यातले एक, कमा हाडळ, चार वर्षांपूर्वी मयत आहेत. यंदाच्या मस्टरवर ते सात महिने हजर दिसतात. मयताची हजेरी कोणी लावली?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मस्टरवर अक्षर माझं होतं. शहासाहेबांनी तर खुर्चीच माझ्याकडे वळवली. इतका वेळ मी स्वतःला तक्रारदाराच्या बाकावर धरून चाललो होतो.

“मी लावली, साहेब. रोज.”

“माणूस समोर होता?”

“होता.”

“कामाला?”

“डिपिंगला. आठ तास.”

“मग तो मयत कसा?”

“त्याला नाव विचारायचं मला सुचलं नाही. यादीत होतं ते मांडलं.”

ऑफिसरने ते लिहून घेतलं. मग त्यांनी कंपनीचे तिन्ही भरती फॉर्म मागवले. जान्याला सही येत नव्हती. तीन नावं, तीन वयं, आणि खाली तिन्ही ठिकाणी एकच अंगठा. कंपनीने तीन वर्षांत सगळं बदललं होतं, अंगठा बदलायचं राहिलं होतं. वर साहेबांच्या सहीचा रिपोर्ट, त्यात ‘अखंड सेवा’ हे शब्द. ते वाचताना वकिलांनी चष्मा काढून पुसला.

वकील आणि शहासाहेब बाहेर जाऊन बोलले. आत येऊन वकील म्हणाले, “माणुसकीच्या दृष्टीने कंपनी याला कायम करायला तयार आहे. सध्याच्या रेकॉर्डप्रमाणे. कमा हाडळ या नावाने.”

मला आनंद झाला. युनियनवाल्याने मात्र फॉर्म पुढे ओढला आणि वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं. कमाचं वय रेशनकार्डावरून लिहिलेलं, चोपन्न. रिटायरमेंट अठ्ठावन्नला. जान्या सत्तावीसचा. कंपनीची माणुसकी चार वर्षांत आटोपणार होती.

ऑफिसरने जान्याला ते समजावून सांगितलं आणि विचारलं, “तुला काय पाहिजे?”

त्याने फॉर्म परत सरकवला.

“बाला परमनंट नको करू, साहेब. तो दमलाय.”

शेवटी तडजोड झाली. जान्या कमा हाडळ, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वयाने कायम. पण त्या तारखेपासून. मागची तीन वर्षं कोणाच्याच नावावर लागली नाहीत. जान्याच्या नावाचं एक वर्ष मधे ब्रेक पडला म्हणून गेलं, देवजी कधी आलाच नव्हता, आणि कमा तर मयत. मी यावर भांडायला निघालो होतो. युनियनवाल्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “पावसाचे दिवस आहेत, त्याच्या घरात खायला नाही. त्याला पुढच्या महिन्याला कामावर जाऊ दे.”

संघातून त्याला वगळलं. कारण दिलं नाही. चार नंबर केतनला मिळाला. त्या सीझनला कोणी फिगर्स मागितले नाहीत, आणि मागितले असते तरी गुणलेखक म्हणून माझ्या जागी दुसरा आला होता. माझ्याकडे फक्त हजेरी ठेवली, तीही स्टोअरला बदली होईपर्यंत.

जान्याच्या पहिल्या दिवशी सकाळी मस्टर उघडलं आणि नवीन ओळीवर मी मोठ्याने वाचलं, “जान्या कमा हाडळ.”

उत्तर नाही. तो समोरच उभा होता.

परत वाचलं. तो इकडेतिकडे बघू लागला. रांगेतल्या एकाने त्याला ढोसलं तेव्हा कुठे पुढे आला.

“अरे, हाक मारतोय ना?”

“माना वाटला,” तो म्हणाला, “दोघांना बोलावतंस.”

मी त्याची हजेरी लावली. एकाची. तेव्हापासून कुठलाही तक्ता हातात आला की आकडे शेवटी बघतो. आधी नावं वाचतो, आणि तो माणूस जवळपास असेल तर एकदा त्याला हाक मारून घेतो.