सैल हाताच्या कळ्या

मैमूने हाप्सालू गावच्या पोस्टात अठ्ठावीस वर्षं शिक्के मारले. तिचा शिक्का पाकिटाच्या मागच्या बाजूलाही उमटायचा. त्याच हाताने ती आता भाचीच्या लग्नासाठी, डोक्यावरून सोडायची जाळीची पांढरी ओढणी विणणार होती. शेजारच्या हेल्यूकाकूंनी लोकर चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "धागा बिचारा आत्ताच घाबरलाय."

मैमू हसली, पण तिला खरंच पाहायचं होतं, की एका टाक्यातून सात टाके काढून पुढच्या ओळीत त्या सातांचा पुन्हा एक केला की जाळीवर फुगीर कळी उठते ती कशी. तिच्या सुईवर सात टाके म्हणजे बंद दारावर सात पाहुणे. सुई आत शिरेचना.

"अगं, कळी आहे ती, गाठोडं नाही!" काकू म्हणाल्या. "सैल सोड. इतकी सैल, की तुलाच लाज वाटेल."

"मुळात कळ्या घालायच्याच कशाला?"

"पूर्वी शाली वजनावर विकल्या जायच्या. कळ्या जास्त, तर वजन जास्त."

"म्हणजे लबाडी?"

"लबाडी कसली! हात दुखतो त्याचं वजन."

मार्च सरता सरता एकदाची ती लाज तिच्या हाताला जमली. पुढच्या कळ्या आपोआप टपोऱ्या उठू लागल्या. आधीचं उसवायचं मात्र तिला जिवावर आलं. ओलं करून ताणलं की सगळं सारखं होईल, अशी तिने मनाची समजूत घातली.

लग्नाला तीन आठवडे उरले. काठाची लेस वेगळी विणून तयार होती. ती शिवण्याआधी दोघींनी ओली ओढणी लाकडी चौकटीच्या खिळ्यांना लावून पाहिली. एक टोक नीट बसलं. दुसरं, सुरुवातीचं, वीतभर आखूड. तिथल्या कळ्या वाटाण्यासारख्या टणक.

"अजून ओढलं तर तुटेल," काकू म्हणाल्या. "घट्ट भाग कापून काढावा लागेल."

नेमकी तेव्हाच भाची त्रीनू राय धान्याच्या काळ्या पावाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तिला सगळं सांगावं लागलं.

"कापल्यावर केवढी उरेल?" त्रीनूने विचारलं.

"कोपरापर्यंत. तुला तर जमिनीपर्यंत हवी होती."

"मावशी, कापलं की सगळी उसवत जाईल ना?"

मैमूने काकूंकडे पाहिलं. तिलाही तेच विचारायचं होतं.

"कापून बघा," काकू म्हणाल्या.

ओढणी खिळ्यांवरून काढून त्यांनी टेबलावर पसरली. मैमूने कात्रीच्या टोकाने ओळीतला एकच धागा तोडला आणि हळूहळू ओढून काढला. टणक पट्टी सुटून बाजूला झाली. उरलेल्या कडेवर सुट्या टाक्यांची मोकळी घरं रांगेने उभी राहिली. एकही उसवत खाली पळालं नाही. मैमूने चष्मा वर सारून नाक अगदी टेबलाला टेकवलं.

"काकू, पळत का नाहीत ही?"

"लोकर आहे. केसाळ असते. धागे एकमेकांना धरून बसतात."

त्रीनूने सुई पुढे केली. मैमू घरं उचलत गेली, त्रीनू मोजत गेली. नव्वद झाली. सगळी सुईवर लागली तेव्हा त्रीनूने ओढणी सुईसकट डोक्यावर घेतली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. ती कोपरापर्यंतच येत होती.

"बरंच झालं," ती म्हणाली. "नाचताना कोणाच्या पायाखाली तरी येणार नाही. काकू, लेस आज शिवायची?"

"आधी चौकट," मैमू म्हणाली. ती एव्हाना ओढणी पुन्हा भिजवण्यासाठी पाणी तापवायला निघालीही होती.