पाय ढिला सोडा

"पाय ढिला सोडा, म्याडम. घट्ट काहून धरून राह्यल्या?"

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मला नमस्काराऐवजी हेच म्हणायचे. हातात वेळूची काडी, टोकाला सायकलच्या ट्यूबचा गोळा. कोणी बसलेलं दिसलं की गुडघ्याखाली टक्! पाय उडाला की खूश. "पाहा, मेंदूले पत्ताच नाही!"

एकदा दारव्ह्याहून आम्ही शिक्षक शाळेत येताना त्यांनी जीपमधल्या एका म्हातारीवर प्रयोग केला. तिच्या लाथेनं समोरची वांग्यांची टोपली उलटली. आम्ही सगळे वांगी वेचत होतो आणि सर म्हातारीचं कौतुक करत होते. असा एखादा नग तुम्हीही पाहिला असेल.

मुख्याध्यापक मात्र गुडघ्याला हात लावू देत नसत. "पदाचा काही मान आहे की नाही?"

सरांचं निवृत्तीचं वर्ष आलं. त्यांचा प्रयोग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून जिल्ह्याला, यवतमाळला कधीच गेला नव्हता. "या वर्षी गेला तं गेला, म्याडम. नाही तं मी तसाच जातो घरी."

त्यांनी मुलांचीच मज्जासंस्था केली. एका बाकावर बसलेली मुलगी म्हणजे पायाचा अंगठा. तिथून हातात हात धरलेल्या दोन रांगा: एक खबर वर नेणारी, दुसरी हुकूम खाली आणणारी. हात दाबला की खबर पुढे. मध्ये मज्जारज्जू म्हणून मी. मी गणित शिकवते, पण सरांच्या मते माझा कणा ताठ होता. मेंदू कोण? मुख्याध्यापकांनी स्वतःच खुर्ची ओढली. मेंदूच्या जागी दुसरं कोणी बसलेलं त्यांना कसं चालेल?

सरांनी मुलीला बजावलं, "हुकूम आल्याबिगर पाय हलवाचा नाही, बेटा."

प्रदर्शनात परीक्षक चहाचा कप घेऊनच आले. वाकून पाहताना चहा मुलीच्या अंगठ्यावर सांडला. कोमटच होता, तरी तिचे डोळे मोठे झाले. पाय मात्र जागचा हलला नाही. खबर भराभर वर आली. मी मुख्याध्यापकांचा हात दाबला.

"थांबा," ते म्हणाले, "विचार करू द्या."

मी कशाला थांबते? दुसऱ्या रांगेतल्या पहिल्या मुलाचा हात सरळ दाबला. हुकूम खाली गेला, पाय उडाला आणि कपातला उरलेला चहा परीक्षकांच्या शर्टावर.

मला वाटलं, गेलं यवतमाळ. सर मात्र टुणकन उडाले. "हेच तं! चटका बसला का मज्जारज्जू मेंदूची वाट पाहत नाही! परस्पर पाय उचलते! मेंदूले मागाहून कळते!"

"म्हणजे मला मागाहून कळतं?" मुख्याध्यापक म्हणाले.

"साऱ्यायच्याच मेंदूले, सर."

परीक्षक शर्ट पुसता पुसता हसले. आम्ही यवतमाळला गेलो. तिथे नंबर आला नाही, पण सर गावभर पेढे वाटत फिरले. नंतर निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेले. काडी शाळेतच राहिली.

परवा सहीसाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. ते एकटेच होते. गंभीर चेहऱ्यानं स्वतःच्या गुडघ्याखाली काडी मारत होते. पाय काही उडत नव्हता.

"पाय ढिला सोडा, सर," माझ्या तोंडून निघून गेलं. "घट्ट काहून धरून राह्यले?"

त्यांनी सोडला. टक्! केराची टोपली थेट दारापर्यंत गेली.

आम्ही दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. 'मेंदूले पत्ताच नाही' म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.

मी टोपली जागेवर ठेवली आणि सही घेतली.