पितळी पट्टीच्या पलीकडे

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा आहे आणि त्याच्या मधोमध फरशीत एक पितळी पट्टी बसवलेली आहे. पट्टीच्या अलीकडची फरशी सासूने पुसायची, पलीकडची सुनेने. वाटणी मुकादमाने करून दिली होती.

सासूला सगळे रुमालवाली म्हणत. पुसून झालं की ती गुडघ्यांवर बसे, कमरेचा पांढरा रुमाल काढी आणि भिंतीच्या कडेने ओढत नेई. रुमाल पांढराच राहिला तर कपाळाला लावी. तिची प्रार्थना एवढीच. "देव बोललेलं ऐकत बसत नाही," ती म्हणे, "तो कोपरे बघतो." मग हात पुढे करी. गुडघे केव्हाच कामातून गेले होते. सून येऊन तिला काखेत धरून उठवी.

पहारेकऱ्याची थट्टा ठरलेली. "मावशी, आज इथेच जेवायला बसू का? आमच्या ताटापेक्षा स्वच्छ आहे."

"आधी बूट काढ मेल्या."

पट्टीची वाटणी देवाला मान्य नसावी, निदान रुमालवालीच्या देवाला. सुनेची पाठ वळली की ती पलीकडे सरके आणि पुसलेलं पुन्हा पुसे. सून काम वाईट करत नव्हती; चारचौघींसारखं करत होती. रुमाल मात्र राखाडी निघे.

सून अजून हंगामी होती. कायम झाली की दवाखान्याच्या मागच्या चाळीत खोली मिळणार होती, आणि तिला नोकरीपेक्षा ती खोलीच हवी होती. आत्ता ती, नवरा आणि सासू एकाच खोलीत राहत. तिथेही तिने घासलेली भांडी सासू पुन्हा घासून पालथी घालत असे. नवरा तोंड फिरवून पडून राही.

मुकादम येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी सून सासूसमोर येऊन बसली.

"आई, उद्या मुकादम माझं काम बघून ठरवणार आहे. उद्या माझ्या बाजूला फिरकू नका."

"मी कशाला येते तुझ्या बाजूला?"

"रोज येता."

"राहिलेलं दिसतं म्हणून येते."

"उद्या दिसलं तरी येऊ नका. शपथ घ्या."

नवरा कूस बदलत म्हणाला, "घे की आई. एक दिवस देवालाही सुट्टी दे."

तिने शपथ घेतली. तीही त्याच देवाची.

सकाळी सुनेने जीव तोडून फरशी पुसली आणि घाण पाणी ओतायला ती मोरीत गेली. रुमालवाली पट्टीपाशी उभी होती. पलीकडे, शेवटच्या खोलीच्या दाराशी, सांडलेल्या औषधाचा चिकट डाग राहिला होता. शर्टाच्या बटणाएवढा. मुकादमाच्या नजरेला तो पडलाही नसता. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने पट्टी ओलांडली.

मुकादम जिना चढून आला तेव्हा डाग केव्हाच निघाला होता. पण एकदा खाली बसल्यावर डागापुरतं थांबणं तिला कधी जमलंच नव्हतं. ती सुनेची फरशी घासत निम्म्यापर्यंत आली होती.

"ही बाजू तुझी नाही ना गं?"

"नाही."

"मग?"

खोटं बोलणं तिच्या लेखी पाप. "रोजच करते," ती म्हणाली.

मुकादम हसला. "मग दुसरीला मी कशाला पोसू?"

सून रिकामी बादली घेऊन मोरीच्या दारात उभी होती. "साहेब, सगळं पुसलंय मी. विचारा त्यांना."

मुकादमाने विचारलं. रुमालवालीने रुमाल उलटून पाहिला.

"पुसलं होतं," ती म्हणाली. "पण राहिलं होतं."

तिने हात पुढे केला. सून जागची हलली नाही. शेवटी पहारेकऱ्याला हाक मारावी लागली. "मावशी, देव पावला," तो तिला उठवत म्हणाला. "अख्खा व्हरांडा तुमचा झाला." पगार पहिलाच राहिला.

संध्याकाळी सून म्हणाली, "मुद्दाम केलं असतंत तर कडाकडा भांडले तरी असते."

"शपथ देवाची मोडली. त्याचं मी त्याच्याशी बघेन."

"आणि माझं?"

सासूने भांडी घासायला घेतली.

आता सून घरीच असते. परवा रुमालवाली दोन्ही बाजू उरकून, भिंत धरत धरत घरी आली. सुनेने नुकतीच फरशी पुसली होती. सासूने पिशवी ठेवली, गुडघ्यांवर बसली आणि भिंतीच्या कडेने रुमाल ओढला. "राहिलंय," ती म्हणाली आणि तेवढं पुसून काढलं. मग हात पुढे केला.

"उठव गं जरा."

सून तिला ओलांडून चुलीपाशी गेली. "देव आहे ना तिथे खाली? त्याला सांगा."

नवऱ्याने कूस बदलली. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग, नाहीतरी खाली बसलीच आहे म्हणून, तिने पलीकडचा कोपराही पुसायला घेतला.