संग्रहालयातून गेलेलं पिंजण

पोलिसाच्या नोकरीत शेकडो तक्रारी लिहून घेतल्या, पण मारेगावकडच्या एका गावातली पिंजणाची तक्रार मी अजून विसरलेलो नाही.

कापसाचे ते वाईट दिवस होते. ठाण्यात येणारा जवळजवळ प्रत्येक कागद दुःखाचाच असे. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं होतं. दर हिवाळ्यात त्या तिथे तीन दिवसांचा कार्यक्रम घेत. जात्यावरच्या ओव्या, कोलाम आदिवासींचा नाच, जुनी अवजारं. परवावर कार्यक्रम आला असताना बाई सकाळीच ठाण्यात आल्या.

"साहेब, पिंजण गेलं. यंदा लोकांना कापसाचीच अवजारं दाखवायची होती."

पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं माणसाएवढं लाकडी धनुष्य. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, अर्ज चौकशीवर ठेवला आणि पंचनाम्याला गेलो. कुलूप, खिडक्या शाबूत. पिंजणाला बांधलेली नायलॉनची दोरी मात्र नीट गुंडाळून बाकावर ठेवलेली. चोर घाईत असतो, तो दोरी गुंडाळत बसत नाही.

दुपारी हवालदाराने खबर आणली. मटणवाला म्हणत होता, म्हातारे गादीवाले चाचा बकऱ्याची आतडी मागून घेऊन गेले. आदल्या दिवशी कार्यक्रमाच्या गाद्या संग्रहालयात पोचवायला हेच चाचा आले होते.

चाचांना ठाण्यात बोलावलं. खाली बसू लागले, मी खुर्ची दिली. गुन्हा केलेला माणूस बहुधा दाराकडे बघतो. हे सारखे बाहेरच्या उन्हाकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेब, जे लिहायचं ते लवकर लिहा. आंगणात तात वाळू घातली आहे. कावळे घेऊन जातील."

"कसली तात?"

"आतड्याची दोरी. पिंजणाले तीच लागते. माह्या अब्बाचं पिंजण होतं ते. पिंजायची मशीन आली तवा मीच भंगारात देल्लं. काल पाह्यलं तं त्याले नायलॉन बांधलेलं. कसं वाजन ते? गादीच्या खोळीत घालून घरी नेलं."

"मग बाईंना विचारलं काहून नाही?"

"कसं इचारू? भिंतीवर लिहूनच ठेवलं आहे, वस्तूंना हात लावू नये."

हवालदार तोंड फिरवून हसला. मला मात्र पेच पडला. गुन्हा दाखल केला तर पिंजण मुद्देमाल म्हणून जमा होणार आणि कार्यक्रमाला मिळणार नाही. मी बाईंना घेऊन चाचांच्या घरी गेलो. अंगणात तात ताणलेली होती आणि चाचांची सून काठी घेऊन राखणीला बसली होती. बाईंनी तातेला अलगद बोट लावून पाहिलं.

"चाचा, मले सांगतलं असतं तं मीच आणून देल्लं असतं," त्या म्हणाल्या. "आता एकच शिक्षा. परवा तुम्हीच वाजवायचं."

"हात थरथरतात, बाई."

"थरथरू द्या."

बाईंनी तक्रार मागे घेतली, मी दोघांचे जबाब घेऊन अर्ज निकाली काढला.

कार्यक्रमाला एका शेतकऱ्याने घरचा कापूस पोतंभर आणला. चाचांनी पिंजण उचललं, लाकडी मोगरीने तातेवर पहिला ठोका दिला. त्या घुमणाऱ्या आवाजाबरोबर कापूस उडू लागला. म्हाताऱ्या बाया तालावर डोलायला लागल्या, पोरं उडणारा पिंजलेला कापूस पकडायला धावली. पोतं आणणारा शेतकरी पोट धरून हसत होता. वर्षभर ज्या कापसाकडे सगळे धास्तीने बघत, तोच लोकांच्या केसांत, मिशांत, माझ्या टोपीवर बसला होता. चाचांचे हात एकदाही थरथरले नाहीत.

न विचारता वस्तू नेणं चूकच, हे मी त्यांना सुनावलं होतं. पण गुन्हा लिहायला एक घटका पुरते, माणसाचं पुरतं ऐकायला जरा जास्त वेळ लागतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे कामाच्या रगाड्यात तो वेळ मी प्रत्येकाला देऊ शकलो नाही. जेव्हा दिला, तेव्हा पस्तावलो नाही.