मोडून ठेवलेली मोटार

तुमच्यापैकी मधल्याने लिहिलं आहे की त्याच्या गॅरेजमधली जुनी गाडी आता रंगापर्यंत आली, आणि उरलंय ते शेवटचं किरकोळ काम. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. शेवटचं किरकोळ काम उरलेली एक मोटार मी फार जवळून पाहिली आहे. भिंतीवरच्या फोटोत तुमचे आजोबा जिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत, तीच ती. तिचं पुढे काय झालं, हे तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी विचारलंत आणि दर वेळी मी "गेली ती" म्हणून विषय बदलला. आता क्रमाने सांगते.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली ही गोष्ट. आजोबा सडक खात्यात ओव्हरसियर होते. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं तालुक्याचं लहानसं गाव होतं. मी नागपूरला बी.ए. होऊन तिथे संसाराला आले, तेव्हा माझ्या इंग्रजीचा तिथे कोणाला काही उपयोग नव्हता. तो उपयोग निघाला या मोटारीमुळे.

आलापल्लीकडे सडकेचं काम चालू असताना, जंगलात बऱ्याच आत, मोहाच्या एका मोठ्या झाडाखाली आजोबांना ही मोटार दिसली. मोठी, उघडी, विलायती बनावटीची. तिच्या पाठीमागे एक उंच दगड उभा होता. आजोबांना तो हद्दीचा दगड वाटला. सडक खात्याच्या माणसाला दगड दिसला की हद्दच आठवते. लाकडाच्या एका ठेकेदाराने सांगितलं, "बेवारशी आहे साहेब, माझ्याच ताब्यात आहे," आणि विकून टाकली. बैल जुंपून, ओढत, ढकलत ती आमच्या गोठ्यापर्यंत आली. गोठ्यातली गाय त्या दिवसापासून बाहेरच्या चिंचेखाली राहायला गेली.

त्यानंतर तीन वर्षं रविवार आणि सुट्ट्या गोठ्यात गेल्या. मुंबईहून टपालाने मोटारीचं इंग्रजी पुस्तक मागवलं होतं. मी ते वाचायची, अर्थ सांगायची, आणि आजोबा आत हात घालायचे. मदतीला गावातले एक सुतार होते. आजोबांपेक्षा वयाने मोठे, तोंडाने गावात सर्वांत मोठे. मोटारीच्या अंगातलं सगळं लाकूड त्यांनी सागवानाचं नवीन घातलं.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. मोटार गंजली होती ते ठीक, पण ती मोडलेलीही होती आणि फार शिस्तीने मोडलेली होती. दोन्ही दिव्यांच्या काचांवर एकेक घाव. प्रत्येक टायरला एकेक चीर. रेडिएटरला एक भोक, गादीला एक फाड, हॉर्नच्या रबरी फुग्यावर सुरीचा एक वार, स्टिअरिंगचं चाक एका जागी करवतलेलं. आणि चोरीला काहीच गेलेलं नाही. पितळ होतं, तांब्याची तार होती, सगळं जागच्या जागी.

"हा चोर येडा होता का जी, सायेब?" सुतारभाऊ म्हणायचे. "पितळ ठेवते अन् काच फोडते! अशा चोराले तं मी घरी जेवाले बोलावतो."

आजोबा हसायचे आणि पुढची मोडलेली वस्तू हातात घ्यायचे. एकेक करून त्यांनी सगळं सांधलं. सांधलेली प्रत्येक वस्तू मला बोलावून दाखवायचे आणि मी प्रत्येक वेळी शाबासकी द्यायची. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याच वस्तूंवरून एक हात फिरलेला मी पाहिला.

धान कापून झालं होतं, थंडी पडली होती, तेव्हा काम शेवटाला आलं. इंजिन आदल्या महिन्यातच सुरू झालं होतं. रंगाला धूळ चिकटू नये म्हणून मी गोठ्यात पाणी शिंपडून ओल्या चादरी टांगल्या आणि आजोबांनी ब्रशने काळा रंग दिला. रंगाचा एक हात वाळला की घासायचा, पुन्हा द्यायचा. गाद्यांत सावरीचा कापूस भरला. ताडपत्रीचा टप मी माझ्या शिवणयंत्रावर शिवला. सुया इतक्या मोडल्या की शेवटी सुतारभाऊंनी मोचीकडून दाभण आणून दिला. सुतारभाऊ बाजारात ज्याला त्याला सांगत सुटले होते, "आमची नवरी सजली, आता फक्त वरात राह्यली." आठवडी बाजारातली बातमी जंगलात कुठवर जाते, याचा आम्हाला तेव्हा अंदाज नव्हता.

पहिल्या फेरीच्या दिवशी सुतारभाऊंनीच चांद्याहून फोटोवाला बोलावला. तो फोटो तुमच्याकडे आहे. आता उठून तो नीट बघा. डाव्या कडेला, फाटकापाशी, दोन माणसं दिसतील. तुम्ही त्यांना बघे समजत आला आहात. आम्हीही तसंच समजलो होतो.

फोटोवाल्याने काळं कापड डोक्यावरून काढलं आणि ती दोघं आत आली. एक म्हातारी होती. ताठ, गळ्यात चांदीचे जाड दागिने, कपाळावर आणि हातांवर गोंदण. तिच्यामागे खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला मध्यम वयाचा माणूस. ती कोणाकडेही न बघता सरळ मोटारीकडे गेली. दिव्याच्या काचेवर तिने हात ठेवला. मग टायरवर. मग आत वाकून गादीवर, मग स्टिअरिंगच्या चाकाच्या सांध्यावर. मोटारीत हात लावायला शेकडो जागा होत्या. तिचा हात जिथे जिथे मोडलेलं होतं नेमका तिथेच जात होता. हे घाव घालताना ही बाई तिथे हजर होती, एवढं मला तिचा हात बघूनच कळलं.

ती खाली जमिनीवर बसली आणि तिने हंबरडा फोडला. फोटोवाला तिपाई तशीच टाकून मागे सरला.

"काय झालं? कोण तुम्ही?" आजोबांनी विचारलं.

"मी जावई हाय जी यांचा," त्या माणसाने सांगितलं. "आमी सूरजागडाकडचे. बाजारात आयकलं का मोटार दुरुस्त झाली, मनून पायी आलो. हे मोटार माह्या साळ्याची आहे."

"मी विकत घेतली आहे. चोरलेली नाही."

"तुमाले चोर कोन म्हन्ते, सायेब? पन इकणारा कोन होता?"

मग त्याने सगळं सांगितलं. म्हातारी एका गोंड जमीनदार घरातली. तिच्या एकुलत्या एका मुलाने विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून ही मोटार घेतली होती. त्या भागात धड सडक नव्हती, तरी तो पायवाटांवरून ती दामटायचा आणि आईला शेजारी बसवायचा. तापाने तो तरणाच गेला. त्याला त्या मोहाजवळ पुरलं, त्याच्या नावाचा दगड उभा केला आणि त्यांच्या रीतीप्रमाणे त्याची मोटार त्याला दिली. द्यायची म्हणजे मोडून द्यायची. मग म्हातारी लेकीकडे राहायला गेली.

"मडकं कसं फोडून ठेवते माणसापाशी? तसंच," जावई म्हणाला. "साबूत वस्तू इथीच राहाते. फुटली का त्याले भेटते. बुढी म्हन्ते, तुमी जोडली, तं ते त्याच्यापासून निंगून आली. तो आता तिकडं पायी फिरून राह्यला."

सुतारभाऊंचं तोंड उघडंच राहिलं होतं. आम्ही ज्याला दुरुस्ती म्हणत होतो, ते तीन वर्षं एका मेलेल्या मुलाच्या हातातून काढून घेणं होतं, आणि ते आम्ही पुस्तक वाचून, शाबासक्या देत केलं होतं.

आजोबा आधी रागावले. "म्हणजे आता काय? मोडू? तीन वर्षं!" असं ओरडलेच. जावई शांतपणे म्हणाला, "आमी मोडा म्हन्लो नाई जी. बुढीले एकदा पाह्यचं होतं. पाह्यलं. आता जातो." त्याने सासूला उठवायला हात दिला. ती उठेना.

मी आजोबांजवळ गेले. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अहो, मामंजींच्या तेराव्याला आपण छत्री आणि जोडे दिले होते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी न विचारता त्यांच्या खिशात हात घातला होता. वडिलांच्या वाटेवर ऊन लागू नये म्हणून नवी छत्री शोधायला हे स्वतः चांद्यापर्यंत गेले होते. ते आत गेले. हातोडी, करवत, भोकं पाडायचा पोगर अशी हत्यारं गोणपाटात गुंडाळून घेऊन आले आणि ती मोटारीच्या मागच्या बाजूला ठेवली.

"तिथेच नेऊन द्यायला हवी ना?" त्यांनी जावयाला विचारलं. "मग बसा. आणि आईंना पुढे बसवा."

म्हातारी पुढे बसली. मी, जावई आणि सुतारभाऊ मागे. पहिली फेरी म्हणून गाव गोळा झालं होतं. पोरं ओरडत मागे पळाली. मोटार अशी चालली की काय सांगू! धक्का नाही, अडखळणं नाही. चामोर्शी मागे पडली, जंगल सुरू झालं, लाल धूळ टपावर बसत गेली. वाटेत एका नाल्यात ती रुतेल असं मला वाटलं आणि रुतावी असंही वाटलं, पण ती सरळ चढून गेली. म्हातारीने एक हात दारावर टाकला होता. ती रडत नव्हती. मध्येच ती काहीतरी बोलली आणि जावई हसला.

"काय म्हणाल्या?" आजोबांनी विचारलं.

"म्हन्ते, तिचा लेक याच्यापेक्षा जोरात चालवे."

आजोबांनी वेग वाढवला. मी पुढच्या गादीची पाठ घट्ट धरून बसले. काही वेळाने जी वस्तू मोडायची आहे, ती हा माणूस आणखी पळवून दाखवतो आहे, हे माझ्या डोक्यात बसेना.

उन्हं कलता कलता आम्ही मोहाखाली पोहोचलो. त्यांनी मोटार मागेपुढे करून दगडाशी पूर्वीसारखी लावली आणि इंजिन बंद केलं. जावई कुऱ्हाड घेऊन पुढे झाला, तर आजोबा म्हणाले, "थांबा. तुम्ही पत्रा चेचाल. मला माहीत आहे कुठे काय होतं."

पहिला घाव दिव्याच्या काचेवर बसला. त्यांनी दुसरी काच फोडली, टायर चिरले, रेडिएटरला पोगर लावून भोक पाडलं. घाईने नाही, रागाने नाही. जोडताना जी काळजी घेत होते, तीच घेत होते, आणि हेच मला पाहवत नव्हतं. काचेने त्यांचा तळवा कापला. त्यांनी तो धोतराला पुसला. स्टिअरिंगच्या चाकापाशी मात्र ते थांबले. करवत हातात घेऊन नुसते उभे राहिले.

सुतारभाऊ पुढे आले. दिवसभरात ते पहिल्यांदाच बोलले. "द्या सायेब. ते माह्या हातचं लाकूड आहे. तुमाले सरळ कापता नाई येनार."

मी टप फाडायला वर हात घातला, तेव्हा म्हातारीने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. जावयाने सांगितलं, "टप त्याचा नाई. त्याची मोटार उघडीच होती. तुमचा आहे, घेऊन जा." तिने आणि मी मिळून तो सोडवला, घडी केली. तिचे हात उबदार आणि खरखरीत होते. तिने माझ्या गालाला बोटं लावली, मग दगडाकडे वळली आणि त्याच्याशी बोलू लागली, घरात आलेल्या माणसाशी बोलावं तसं. जावई तिच्याजवळ थांबला. आम्ही तिघं निघालो.

सडकेपर्यंत पायी जायचं होतं. तिथून खात्याचा ट्रक मिळाला असता. सुतारभाऊंच्या डोक्यावर टपाची घडी होती, आजोबांच्या खांद्यावर गोणपाटातली हत्यारं. मी मनात शब्द जुळवत होते. या माणसाचं सांत्वन कसं करावं, आता गोठ्याचं काय करावं, उद्या गावाला काय सांगावं. सडकेला लागल्यावर आजोबा म्हणाले, "तिसरा गिअर जरा अडकत होता गं. तुझ्या लक्षात आलं का? तेवढं मात्र राहून गेलं."

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. हाताला रक्त, सदऱ्याला काळा रंग, आणि डोळे आक्रसून ते खरोखरच त्या गिअरचा विचार करत होते. मागून ट्रकचा भोंगा वाजला, तरी मी त्यांच्याकडे बघतच होते. शेवटी त्यांनीच मला दंडाला धरून कडेला ओढलं.