मांदेली खाणारी कवळी

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी रोज झाडल्या तरी साचतात: प्लास्टरची धूळ आणि किस्से. घाटकोपरला आम्ही कवळ्या बनवतो. डेंटिस्ट लोक तोंडाची मापं पाठवतात, आम्ही दात पाठवतो. आता दिवसभर दातच हाताळायचे म्हटल्यावर जेवणाच्या सुट्टीत वाद कशावर होणार? दातांनी काय खावं यावरच!

वादाचे पक्ष दोन. एका बाजूला बिपीनभाई, आमचे हेड टेक्निशियन. जैन, कांदा-लसूण-बटाटाही वर्ज्य. समोर माहुल कोळीवाड्याच्या तांडेलबाई, मेणकामात पटाईत. त्यांच्या डब्यात मासे नसले की आम्ही 'तब्येत बरी आहे ना?' असं विचारतो. मी जोशी. घरी शाकाहारी. लॅबमधलं घरी सांगत नाही.

*

एकदा तांडेलबाईंनी हुकमी पत्ता टाकला. "बिपीनभाई, मांस खायचं नव्हतं तर देवाने माणसाला सुळे कशाला दिले हो?"

बिपीनभाई मेणात दात बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "देवाने कुठे दिले? हे तर मी दिले!"



*

एक आजोबा थेट लॅबवर आले. डॉक्टरांनी ऐकलं नाही म्हणून. मागणी काय, तर कवळीत सुळे नकोत! "मी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. मला हिंस्र प्राण्याचे दात कशाला?"

मला वाटलं, बिपीनभाई खूश होणार. त्यांच्याच पक्षाचा माणूस! पण त्यांनी आजोबांना आरशासमोर बसवलं आणि शांतपणे समजावलं, "काका, सुळा काढला तर ओठाचा कोपरा आत जातो. चेहरा कायम रागावलेला दिसतो. अहिंसावाला माणूस हसरा नको का?"

आजोबा चारही सुळे घेऊन गेले.

*

मध्यंतरी लॅबला नवे मॅनेजर आले. बिपीनभाईंचा मान राखावा म्हणून त्यांनी जेवायची दोन टेबलं करायचं ठरवलं. मायक्रोवेव्हवर 'ओन्ली व्हेज' असं स्टिकरही चिकटलं. तांडेलबाई उठल्या. डबा उचलून जिन्यात जाऊन बसल्या. त्यांचं ते गप्प बसणं मला फार लागलं. आणि मीही गप्पच होतो, हे जास्त लागलं.

बिपीनभाई आले, टेबल बघितलं, स्टिकर बघितलं. मग मॅनेजरना म्हणाले, "साहेब, सकाळपासून बत्तीस लोकांच्या तोंडाची मापं हातात घेतली. कोण काय खाऊन आला, एकालाही विचारलं नाही. लोकांची तोंडं चालतात आणि आमच्या बाईंचा डबा चालत नाही?"

आणि स्वतः जिन्यात जाऊन बाईंना घेऊन आले. स्टिकर मी नखाने खरवडून काढलं. तेवढं तरी केलं!

*

याची परतफेडही ऐका. मी एकदा मुगाची भजी आणली आणि अगदी प्रेमाने बिपीनभाईंसमोर धरली. त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात तांडेलबाईंनी पुडा हिसकावला. "थांबा! यात कांदा हाय." मग माझ्याकडे वळून, "एवढी वर्षं सोबत जेवतोस, अक्कल नाय रे तुला?"

कोळणीने जैनाचा नेम सांभाळला, जोश्याने वाट लावली असती!

*

बिपीनभाई जैनांच्या पर्युषणात आठही दिवस कडक उपास करतात. फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. तरी कामावर येतात. जेवणाच्या सुट्टीत आमच्यासोबत बसतात, पण तो तासभर मौन. एका वर्षी त्या तासातच त्यांच्या पाठीमागे मेण वितळवायच्या भांड्याने पेट घेतला. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. भांड्याखालचा दिवा बंद केला, वर झाकण ठेवलं आणि पाटीवर खडूने लिहिलं, 'जोशी, भांडं कुणाचं?'

माझंच होतं. पण मुद्दा तो नाही. माझ्या इथल्या आठ वर्षांत त्यांनी ते मौन मोडलेलं कुणीही पाहिलं नव्हतं.

*

आता तांडेलबाईंच्या आईची गोष्ट. वय ऐंशीच्या पुढे. कुठूनतरी कवळी करून घेतली होती. टाळ्यावरचं प्लास्टिक इतकं जाड की जिभेला माशाचा काटा कळेना. एकदा घशात अडकला आणि म्हातारीने धसका घेतला. मासे बंद, नुसती पेज. अंग उतरत चाललं. बाई एक दिवस डबा उघडून रडायलाच लागल्या. "मी हितं खातेय नि ती तिथं उपाशी."

"आपल्या चेंबूरच्या डॉक्टरांना नवं माप पाठवायला सांगा," बिपीनभाई म्हणाले. "मी करतो."

आणि मग आठवडाभर हा माणूस नाकाला रुमाल लावून तांडेलबाईंच्या समोर बसला! वही-पेन्सिल घेऊन. बाई मांदेली, म्हणजे ती बोटभर काटेरी मासळी, खाणार, हे बघणार.

"थांबा. आत्ता जिभेने काय केलं?"

"काटा बाजूला केला."

"कुठल्या बाजूला?"

"मला काय म्हायत! आजवर कुणी विचारलंय?"

"परत खा. हळू."

मी न राहवून म्हटलं, "बिपीनभाई, याचं पाप नाही लागणार?"

"खाऊ नये हे मी रोज सांगतो, उद्याही सांगेन," ते म्हणाले. "पण भुकेल्या म्हातारीला आधी दात द्यायचे."

त्यांनी टाळ्याला प्लास्टिकऐवजी धातूचा पातळ पत्रा केला, जिभेला सगळं कळेल असा. दात तीनदा काढून तीनदा बसवले. असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही, आणि असा माणूसही.

चार दिवसांनी बाई मोबाईलवर व्हिडिओ घेऊन आल्या. म्हातारी मांदेली खातेय, काटे एका कोपऱ्यातून सुळकन बाहेर! आम्ही टाळ्या वाजवल्या. बिपीनभाईंनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, "डावीकडूनच चावतात. उजवी बाजू थोडी घासायला हवी."

*

त्यानंतरचं पर्युषण. बिपीनभाईंचा सातवा उपास. चेहरा उतरलेला, समोर पाण्याचा पेला, मौन चालू. मी बाईंना सहज विचारलं, "आई कशा आहेत?"

"बरी हाय. पण हट्टी! सात दिवस झाले, कवळी वाटीत काढून ठेवलीय."

"का? टोचते का?"

"नाय रे. म्हणते, 'हे दात त्या भाऊने दिलेत. त्याचा उपास चाललाय, त्याचे दात मी कशाला बाटवू?' मासे काय सुटत नाहीत तिला. नुसत्या हिरड्यांनी खातेय मांदेली!"

बिपीनभाईंचा पेला कलंडला. ते ताडकन उभे राहिले.

"फोन लावा! आधी दात घालायला सांगा त्यांना, काटा घशात जाईल!"